गढूळ पाण्यातले शेजारी

मे महिना आला की मध्य अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नदी काठ सोडून जंगलात शिरते. पाणी दहा-बारा मीटर चढतं. कोरड्या दिवसांत ज्या झाडांच्या बुंध्याशी पायवाट होती, त्यांच्या शेंड्यांलगत आता होड्या चालतात. झाडांची फळं टपाटप पाण्यात पडतात, ती खायला मासे जंगलात येतात आणि माशांच्या मागे फांद्यांमधून वाट काढत डॉल्फिन येतात. समुद्रातल्या उड्या मारणाऱ्या, निळसर, चपळ डॉल्फिनची ओळख असलेल्या माणसाला हा प्राणी चटकन डॉल्फिन वाटणारही नाही. लांब चोच, फुगीर कपाळ, बारीक डोळे, पाठीवर उंच पर नाही, नुसता लांबट उंचवटा. रंग मात्र गुलाबी. ब्राझीलमध्ये याला ‘बोतो’ म्हणतात, पेरू आणि बोलिव्हियात ‘बुफेओ’. शास्त्रीय नाव इनिया जिओफ्रेन्सिस.

दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत, खाड्यांत आणि उथळ किनाऱ्यांवर अशा डॉल्फिनचा मोठा गोतावळा आहे. गोड्या पाण्यात बोतो आणि तुकुशी, ब्राझीलच्या खाड्यांत गियाना डॉल्फिन, अर्जेंटिनापर्यंतच्या उथळ समुद्रात फ्रान्सिस्काना, चिलीच्या थंड खाड्यांत फक्त तिथंच सापडणारा छोटा चिली डॉल्फिन. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते माणसाच्या दारात राहतात. जिथे कोळी जाळं टाकतो, जिथे शहराचं सांडपाणी मिसळतं, जिथे धरण उभं राहतं, नेमकं तिथेच त्यांचं घर आहे. म्हणून त्यांचं भवितव्य जंगलातल्या वाघासारखं कुंपण घालून राखता येत नाही. काठावरच्या माणसाचं पोट कसं भरतं, यावर ते ठरतं. गेल्या तीस वर्षांत या प्राण्यांचं जे झालं, त्याचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आहे.

बुडालेल्या जंगलासाठी घडलेलं शरीर

बोतोच्या शरीराचा प्रत्येक भाग या जंगलाचा हिशेब सांगतो. बहुतेक सागरी डॉल्फिनच्या मानेचे मणके एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे वेगात पोहताना डोकं स्थिर राहतं. बोतोचे मणके सुटे आहेत. तो मान काटकोनात वळवू शकतो. पुढचे पर वल्ह्यांसारखे रुंद. एक पुढे आणि एक मागे मारत तो दोन खोडांच्या बेचक्यात जागच्या जागी वळतो. पाठीवर उंच पर असता तर फांद्यांत अडकला असता. दातही दोन प्रकारचे आहेत, पुढचे टोकदार आणि मागचे दाढांसारखे. कवचवाला मासा, खेकडा, प्रसंगी लहान कासवसुद्धा तो फोडून खातो. त्याच्या आहारात चाळीसहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. बोतो आवाजाने पाहतो. कपाळातून टकटक असे सूक्ष्म आवाज सोडायचे आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखायचं. मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनचे आवाज दूरवर जातात. फांद्यांनी भरलेल्या पाण्यात तसा मोठा आवाज सोडला तर चहूकडून प्रतिध्वनींचा नुसता गोंधळ होईल. बोतो हळू आवाज काढतो आणि जवळचंच बघतो.

गुलाबी रंगामागची गोष्टही साधी नाही. पिल्लं जन्मतात ती राखाडी. वय वाढतं तसा रंग उतरतो आणि नर माद्यांपेक्षा कितीतरी जास्त गुलाबी होतात, कारण नर आपसांत कडाडून भांडतात. चावे, ओरखडे यांचे व्रण अंगभर साठतात. नर मादीपेक्षा लांबीला आणि वजनाला बराच मोठा असतो. देवमासे-डॉल्फिनच्या कुळात नर-मादीत एवढा फरक क्वचितच दिसतो.

या नरांची एक सवय ब्राझीलच्या मामिराउआ अभयारण्यात संशोधकांनी टिपली. मोठा नर तोंडात फांदी, पाणवनस्पतींचा झुबका नाहीतर चिखलाचा गोळा धरून पाण्यातून हळूहळू उभा वर येतो, तसाच पुन्हा खाली जातो, कधी ती वस्तू पाण्यावर जोरात आपटतो. खेळ म्हणावा तर पिल्लं तो खेळत नाहीत. हे करणारे बहुतेक प्रौढ नर असतात, आसपास माद्या असतात आणि अशा वेळी नरांमधली भांडणंही वाढतात. मादीसमोर वस्तू मिरवायची ही रीत सस्तन प्राण्यांत फार दुर्मीळ आहे.

तुकुशी त्याच नदीत राहतो, पण तो बुडालेल्या जंगलात शिरत नाही. छोटा, राखाडी, पाठीवर त्रिकोणी पर असलेला हा डॉल्फिन मोकळ्या प्रवाहात आणि तळ्यात थव्याने मासे पकडतो. त्याचे पूर्वज समुद्रातून खूप उशिरा आले. बोतोचं घराणं त्याहून कितीतरी जुनं आहे. त्याचा आजचा सर्वात जवळचा नातलग म्हणजे समुद्रातला फ्रान्सिस्काना.

आपल्या गंगेतला सुसू दिसायला बोतोसारखाच आहे, पण तो या घराण्यातला नाही. लांब चोच आणि बारीक डोळे ही गढूळ पाण्याने दोघांनाही वेगवेगळी दिलेली देणगी. तरीही अ‍ॅमेझॉन आणि गंगा यांच्यात एक जुना धागा निघाला. पेरूमधल्या नापो नदीच्या काठी सापडलेल्या एका प्रचंड कवटीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा हा डॉल्फिन तीन ते साडेतीन मीटर लांब होता. आल्दो बेनितेस-पालोमिनो आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘पेबानिस्ता याकुरूना’ असं नाव दिलं. त्याची हाडं बोतोशी जुळली नाहीत. ती जुळली गंगा आणि सिंधूच्या डॉल्फिनशी. म्हणजे सुसूचे भाऊबंद एके काळी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नांदत होते आणि तिथून नाहीसे झाले. बोतो नंतर आला.

मिशांच्या खळग्यांतली वीज

दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर होंडुरासच्या परिसरापासून ब्राझीलच्या सांता कातारिनापर्यंत गियाना डॉल्फिन राहतो. तुकुशीचा हा सख्खा भाऊ. त्याच्या चोचीवर दोन ओळींत बारीक खळगे दिसतात. पिल्लाच्या मिशा जिथे असतात त्या या जागा. मिशा गळून जातात, खळगे राहतात. हे निकामी अवशेष असावेत असं समजलं जात होतं. मग जर्मन संशोधकांनी म्युन्स्टरमधल्या एका डॉल्फिनवर प्रयोग केला. पाण्यात अत्यंत क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण केलं की डॉल्फिनने जागा सोडायची, नाही तर थांबायचं, असं त्याला शिकवलं. सेंटिमीटरला ४.६ मायक्रोव्होल्ट एवढं क्षीण क्षेत्रसुद्धा त्याने ओळखलं. मग खळग्यांवर प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि त्याला काहीच कळेनासं झालं. गाळात लपलेल्या माशाच्या स्नायूंतली वीज हा प्राणी चोचीने टिपतो. प्लॅटिपससारखे अंडी घालणारे सस्तन प्राणी सोडले तर हे इंद्रिय तोवर कुठल्याच सस्तन प्राण्यात सापडलं नव्हतं.

एवढं विलक्षण इंद्रिय असलेला हा जीव रिओ दी जानेरोच्या ग्वानाबारा खाडीत आज जेमतेम तग धरून आहे. रिओ शहराच्या मानचिन्हावर दोन डॉल्फिन आहेत. १९८०च्या दशकात या खाडीत सुमारे ४०० डॉल्फिन होते. आज चाळीसही उरलेले नाहीत. भोवती महानगर, तेलवाहू जहाजं, कारखाने, सांडपाणी, जाळी. रिओ दी जानेरो राज्य विद्यापीठाचे संशोधक यांतल्या जवळजवळ प्रत्येक डॉल्फिनला पाठीच्या परावरच्या खाचांवरून ओळखतात. शेजारच्या सेपेतिबा आणि इल्हा ग्रांदी खाड्यांत मोठे थवे टिकून होते. २०१७च्या अखेरीस तिथे गोवराच्या विषाणूचा भाऊबंद असलेल्या एका विषाणूची साथ आली आणि काही महिन्यांत दोनशेहून अधिक डॉल्फिन मेले. प्रदूषणाने प्रतिकारशक्ती खचलेल्या प्राण्यांत अशी साथ झपाट्याने पसरते.

दंतकथेचं कवच आणि बाजाराचा भाव

अ‍ॅमेझॉनच्या काठावर बोतोला मारायला लोक पिढ्यान्‌पिढ्या कचरले. जूनमधल्या जत्रेच्या रात्री बोतो देखणा तरुण होऊन गावात येतो, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र झाकायला पांढरी टोपी घालतो, नाचतो, एखाद्या मुलीला भुरळ घालतो आणि पहाटेपूर्वी नदीत परततो, अशी तिथली कथा आहे. बाप कोण हे सांगता येत नसलेल्या मुलाला आजही ‘बोतोचं पोर’ म्हणतात. बोतोला मारलं तर अरिष्ट येतं, ही भीती या कथांतूनच आली. बेलेमच्या बाजारात वशीकरणासाठी डॉल्फिनचे डोळे विकले जात, तेव्हाही विक्रेते त्यांना बोतोचे म्हणत. जनुकीय तपासणीत त्यांतले बहुतेक किनाऱ्यावर जाळ्यात मेलेल्या गियाना डॉल्फिनचे निघाले.

हे कवच फोडलं एका माशाने. पिराकातिंगा हा नदीतला मृतभक्षी मासा. मेलेलं काहीही खातो म्हणून काठावरचे लोक तो ताटात घेत नाहीत. कोलंबियात मात्र माग्दालेना नदीतला लोकप्रिय ‘कापास’ मासा अतिमासेमारीने संपत आला आणि त्याच्या नावाखाली पिराकातिंगा खपू लागला. २००० सालच्या आसपास ब्राझीलमध्ये त्याची मागणी एकदम वाढली. त्याला पकडायची पद्धत अशी. काठाजवळच्या पाण्यात लाकडी खोका ठेवायचा, आत मांस बांधायचं. वास लागताच मासे झुंडीने खोक्यात शिरतात आणि हातांनी उपसून काढता येतात. त्या मांसासाठी बोतो आणि केमन मगरी मारल्या जाऊ लागल्या. बोतोचं मांस चरबीयुक्त, उग्र वासाचं, आणि तो प्राणी तर रोज होडीजवळच वावरणारा.

डॉल्फिनची शिकार ब्राझीलमध्ये १९८७ पासून गुन्हा आहे. पण हजारो मैलांच्या पाणवाटांवर कायद्याचा हात किती पोहोचणार? २०१४ मध्ये बोतो मारून आमिष करतानाचं चित्रण टीव्हीवर देशभर दिसलं. त्यानंतर सरकारने जानेवारी २०१५ पासून पिराकातिंगाच्या मासेमारीवर पाच वर्षांची बंदी घातली आणि पुढे ती वाढवली. कोलंबियानेही २०१७ मध्ये या माशाची विक्री थांबवली, पण डॉल्फिनसाठी नाही. माशात पारा आढळला म्हणून. नदीकाठच्या सोन्याच्या बेकायदा खाणींतून हा पारा येतो, माशांत साचतो आणि मासे खाणाऱ्या डॉल्फिनच्या व माणसांच्याही अंगात उतरतो.

नुकसान किती झालं हे आज सांगता येतं, कारण कुणीतरी चिकाटीने मोजत राहिलं. व्हेरा दा सिल्वा आणि टोनी मार्टिन यांनी १९९४ मध्ये मामिराउआत ‘प्रोजेतो बोतो’ सुरू केला. शेकडो बोतोंच्या अंगावर कायमच्या खुणा केल्या आणि ठरलेल्या पाणवाटेवर होडीने फिरून त्यांची गणना केली, महिन्यामागून महिने, दोन दशकांहून अधिक काळ. २०१८ मध्ये निष्कर्ष आला. या भागात बोतोंची संख्या दर दहा वर्षांनी निम्मी होत होती, तुकुशींची दर नऊ वर्षांनी. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आधी ‘पुरेशी माहिती नाही’ अशा रकान्यात पडून असलेले हे दोन्ही डॉल्फिन २०१८ आणि २०२० मध्ये संकटग्रस्त ठरले. बोतोच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, ते वर्षाहून जास्त काळ तिच्या दुधावर असतं आणि पुढचं व्हायला आणखी काही वर्षं जातात. अशा प्राण्याची भर पडायला माणसाची पिढी लागते.

तेफेचं तळं

मामिराउआची संशोधन संस्था ज्या तेफे गावात आहे, तिथल्या तळ्यात सप्टेंबर २०२३ मध्ये जे घडलं त्यात कुणाचं जाळं नव्हतं, हत्यार नव्हतं. अ‍ॅमेझॉनमध्ये भीषण दुष्काळ होता. पुढच्याच महिन्यात मानाउस बंदराजवळ रिओ नेग्रोची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींमधली सर्वांत खाली गेली. तेफेच्या तळ्याचं पाणी आटून काही ठिकाणी गुडघाभर राहिलं. आकाश निरभ्र, वारा नाही आणि पाण्यात गाळ. गढूळ पाणी ऊन जास्त शोषतं. २८ सप्टेंबरला पाण्याचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि त्या एका दिवसात ७० डॉल्फिन मेले.

याच संस्थेच्या मिरियाम मार्मोन्तेल आणि त्यांचे सहकारी कित्येक आठवडे मृतदेह ओढून आणत, शवविच्छेदन करत आणि जिवंत प्राण्यांना होड्यांनी खोल पाण्याकडे वळवत होते. विषाणू, जीवाणू, विषारी शेवाळ अशी एकेक शक्यता तपासली गेली. उत्तर उष्णता हेच निघालं. थोड्या आठवड्यांत दोनशेहून जास्त डॉल्फिन गेले. पुढच्या वर्षी दुष्काळ पुन्हा आला आणि मानाउसची पातळी आणखी खाली उतरली. गावाने कितीही जीव लावला तरी तळ्याचं पाणी गावाला थंड करता येत नाही. तापणाऱ्या हवेचा हा हिशेब दूरच्या शहरांत आणि कारखान्यांत मांडला गेला आणि चुकता झाला तेफेत.

धरणांचंही तसंच. तोकान्तिन्स नदीवरच्या तुकुरुई धरणाने १९८४ मध्ये वरचे आणि खालचे डॉल्फिन तोडले. मादेरा नदीवर सांतो अंतोनियो आणि जिराऊ ही धरणं झाली. जिथे डॉल्फिनचे छोटे छोटे गट वेगळे पडतात, तिथे एखादा वाईट हंगामही गट संपवायला पुरतो.

फ्रान्सिस्काना आणि गिलनेट

समुद्राच्या बाजूला प्रश्न जाळ्याचा आहे. फ्रान्सिस्काना हा जगातल्या सर्वांत लहान डॉल्फिनपैकी एक. पूर्ण वाढलेली मादी पावणेदोन मीटरपर्यंत, नर त्याहून लहान. देहाच्या मानाने चोच एवढी लांब की दुसऱ्या कुठल्याच डॉल्फिनला तशी नाही आणि जबड्याच्या एकेका बाजूला पन्नासहून अधिक बारीक दात. ब्राझीलच्या एस्पिरितो सांतोपासून अर्जेंटिनाच्या सान मातियास आखातापर्यंत, बहुधा तीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात तो राहतो. तो बुजरा आहे, उड्या मारत नाही, होडीजवळ येत नाही. किनाऱ्यावर आयुष्य काढलेल्या कित्येकांनी तो जिवंत पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो जाळ्यातला.

गिलनेट जाळ्याचे बारीक नायलॉनचे धागे त्याच्या प्रतिध्वनीला नीट जाणवत नाहीत. चोच अडकते, पर अडकतो, काही मिनिटांत श्वास संपतो. कोळ्याला तो नको असतो. त्याचा भाव येत नाही, उलट जाळं फाटतं. तरीही वर्षाला हजाराहून अधिक फ्रान्सिस्काना असे बुडून मरतात. अर्जेंटिनात पाब्लो बोर्दिनो आणि सहकाऱ्यांनी जाळ्यावर आवाज करणारी छोटी यंत्रं लावून पाहिली. अडकणारे डॉल्फिन खरोखर खूप कमी झाले. पण काही दिवसांनी समुद्रसिंहांना त्या आवाजाचा अर्थ कळला. आवाज येतो तिथे जाळ्यात मासे तयार असतात. ते येऊन जाळ्यातले मासे फाडून नेऊ लागले आणि तोटा कोळ्याच्या पदरी पडला. २०१२ मध्ये ब्राझीलने दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यासाठी गिलनेटच्या लांबीवर मर्यादा घातल्या आणि काही पट्ट्यांत ही जाळी बंद केली. कागदावरचा नियम पाण्यावर उतरवायला मात्र रोजची देखरेख लागते, आणि कोळ्याला तो पटावाही लागतो.

लागुना

कोळ्याला डॉल्फिन आपलासा वाटला तर काय घडतं, हे सांता कातारिनातल्या लागुना गावात दिसतं. इथला डॉल्फिन बॉटलनोज, पण किनाऱ्याला चिकटून राहणारा, लाहिल नावाने ओळखला जाणारा वेगळा प्रकार. दक्षिण ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिना मिळून तो जेमतेम सहाशेच्या घरात आहे. लागुनात पन्नास-साठ.

मे ते जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या थंडीत, बोय माशांचे थवे किनाऱ्याने येतात. खाडीच्या तोंडाशी कोळी कमरेइतक्या पाण्यात रांगेने उभे राहतात, हातात फेकायचं जाळं, कोकणात पाग म्हणतात तसलं. पाणी इतकं गढूळ की पायाखालचं दिसत नाही. डॉल्फिन थवा हाकत रांगेकडे आणतो. जवळ आला की डोकं पाण्यावर आपटतो किंवा पाठ वाकवून एकदम बुडी मारतो. तीच वेळ. रांगेतली जाळी एकाच वेळी हवेत उघडतात. थवा विस्कटतो, वाट चुकलेले मासे डॉल्फिनच्या तोंडी जातात, उरलेले जाळ्यात. हे शतकाहून जास्त काळ चाललं आहे. डॉल्फिनना इथे नावं आहेत आणि कुठला भरवशाचा, कुठला नाही हे पोरांना बापाकडून कळतं. पिल्लं ही रीत आईकडून शिकतात.

माउरिसियो कान्तोर, पाउलो सिमोईस-लोपेस, फाबियो दाउरा-जोर्जे आणि सहकाऱ्यांनी ड्रोन, पाण्याखालचे ध्वनिग्राहक आणि अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून याचा हिशेब मांडला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जाळं डॉल्फिनच्या इशाऱ्याबरोबर पडलं तर मासे मिळण्याची शक्यता सतरापट वाढते आणि मिळणारे मासेही जवळपास चौपट असतात. माणसांबरोबर मासेमारी करणारे डॉल्फिन इतरांपेक्षा सुमारे तेरा टक्के जास्त तगतात, कारण ते या पट्ट्यात राहतात आणि बाहेरच्या बेकायदा जाळ्यांपासून लांब असतात. धोकाही त्यांनी दाखवून दिला. बोय कमी झाले किंवा तरुण या कामातून बाहेर पडले, तर ही भागीदारी मोडेल. सांता कातारिनाने या मासेमारीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. खरी गरज आहे ती बोय माशांचे थवे राखण्याची.

आपल्या किनाऱ्यापर्यंत

कोलंबियात फेर्नांदो त्रुहियो आणि त्यांचं ओमाचा प्रतिष्ठान मच्छीमार आणि डॉल्फिन यांचं हित जोडण्याचं काम दुसऱ्या मार्गाने करत आले आहेत. तारापोतो तळ्यांच्या काठच्या आदिवासी गावांबरोबर त्यांनी मासेमारीचे करार केले. कुठला मासा, किती आकाराचा, कुठल्या महिन्यात, हे गावांनी ठरवलं. २०१८ मध्ये त्या तळ्यांना पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये, तेफेतले मृतदेह मोजले जात असतानाच, बोगोटात आशिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या ११ देशांनी नदीतल्या डॉल्फिनसाठी जाहीरनामा केला. भारत त्यात आहे. आपल्या देशाची पहिली व्यापक गणना २०२५ मध्ये जाहीर झाली, ६,३२७ नदीडॉल्फिन, त्यांत सिंधूचे अवघे तीन.

महाराष्ट्राच्या नद्यांत डॉल्फिन नाहीत. पण डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंत हम्पबॅक डॉल्फिन आहेत, फ्रान्सिस्कानासारखेच उथळ, गढूळ पाण्यातले आणि तसेच गिलनेटमध्ये सापडणारे. तेही जागतिक यादीत संकटग्रस्त आहेत. इथे एक चांगली गोष्ट झाली आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतात. कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन त्यामुळे जिवंत सुटले. ही योजना नुकसान मच्छीमाराच्या एकट्याच्या माथी मारत नाही, म्हणून ती चालते.

दक्षिण अमेरिकेकडून आपण शिकायचं ते एवढंच आहे. कापास मासा संपला म्हणून बोतो मेला. बोय मासा येतो म्हणून लागुनाचा डॉल्फिन जगतो. मासा, मच्छीमार आणि डॉल्फिन यांचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे आणि तो मांडताना मच्छीमार टेबलाच्या या बाजूला बसलेला हवा. भरपाई वेळेवर मिळावी, डॉल्फिनच्या वाटेत गिलनेट कुठे लावू नये हे किनाऱ्यावरच्या सोसायट्यांनी ठरवावं, अडकलेल्या आणि मेलेल्या प्रत्येक डॉल्फिनची नोंद दंडाच्या भीतीशिवाय करता यावी आणि ही मोजणी मामिराउआसारखी वीस-वीस वर्षं चालावी. यांतलं एकही काम अशक्य नाही, आणि सगळी आत्ताच सुरू करता येण्याजोगी आहेत.